मालकंसातला तीव्र मध्यम

मिरज, 18 मे

प्रिय दिन्या,

दिवाळीपासून पत्र नाही, तेव्हा आधी शिव्या घालून घे. तब्येत बरी, शुगर आहे तिथेच. लिहायला बसलो ते अण्णांच्या एलपी वाजवायच्या अ‍ॅम्पमुळे.

सुई टेकायच्या आधीच मागे घूंऽऽ. पेटी काढून पट्टी लावून बघितली (हस, हस). खालच्या सप्तकातली पांढरी पाच, जराशी चढी. लाइटचे 50 हर्ट्झ दुसरीकडे कुठे पडणार? आणि रेकॉर्डवरच्या बुवांची पट्टी काळी एक. म्हणजे बुवा मालकंस गातायत आणि मागे लाइट त्या रागात नसलेला तीव्र मध्यम धरून बसलीय!

वर अ‍ॅम्पच्या पाठीला हात लागला की झिणझिण. हॉस्टेलवर तू पकडीनं थ्री-पिनची अर्थची जाड पिन उडवलीस, गुणगुण थांबली, आणि मूर्ख मी ठरलो. तो वाद मी अजून सोडलेला नाही. ती पिन लांब असते ती आधी लागावी नि शेवटी सुटावी म्हणून. तरी खरं सांगतो, परवा रात्री पकड माझ्याही हातात होती.

ती ठेवली आणि तुझा मल्टीमीटर काढला. हो, माझ्याकडेच आहे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये 62 व्होल्ट! दोन-तीनच्या आत हवेत.

आठवतं, अण्णा उन्हाळ्यात तुळशीला पाणी घातलं की उरलेली कळशी अर्थिंगच्या खड्ड्यात ओतायचे? ते गेल्यावर मी तिथे पेव्हर ब्लॉक घातले. स्कूटर लावायला. ते उचकटले तर कोळसा-मीठ खडखडीत वाळलेलं, आणि नळीची तांब्याची तार हिरवी पडून हातातच आली. वायरमननं नवी नळी ठोकली, पाणी घातलं, 2 व्होल्ट. झिणझिण गेली.

घूं मात्र नुसतं बारीक झालं. भाच्यानं मोबाइलवर 'ग्राउंडिंग बॉक्स' दाखवला, अण्णांच्या सगळ्या एलपींपेक्षा महाग. आत काय, तर खनिजांची भुकटी. म्हटलं, बाबा, अंगणात पोतंभर पुरलीय.

मग एकेक वायर काढत बसलो. रेकॉर्ड-डेकची अर्थची तार घट्ट होती. सेट-टॉप बॉक्सची वायर उपटली आणि एकदम शांत. केबल येते गच्चीवरून, तिचं अर्थिंग वेगळं, नावापुरतं. दोन अर्थांमधला फरक आमच्या अ‍ॅम्पमधून फेऱ्या मारत होता.

टीव्ही अ‍ॅम्पला मीच जोडला होता, दिन्या. अण्णा असताना. शेवटच्या वर्षी ते म्हणायचे, "मागे काहीतरी वाजतंय रे." तुझ्यासमोरच मी म्हणालो होतो, "तुमचे कान वाजतायत." तू हसला नाहीस. मी हसलो होतो.

हे हिला सांगितलं तर म्हणाली, झालं ना दुरुस्त? झालं. पण तीन रात्री तीच बाजू लावतोय आणि बुवांऐवजी मागचं ऐकतोय.

चिनूचा निकाल कळव. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? प्लॉटचं काय झालं? आंबे पाठवलेत, पेटी लगेच उघड.

मल्टीमीटर कुरियरनं पाठवणार नाही. येऊन घेऊन जा. टीव्हीला आता त्याचाच फुसका स्पीकर आहे.

तुझा,
बाळ्या