जुन्या दुचाकींचे इंडिकेटर आणि ‘अस्सल जपानी’चा घोळ

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या जपानी दुचाकी जतन करणाऱ्यांविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. विषय आवडीचा आणि लेखनही मनापासूनचे होते. मात्र ‘इंडिकेटर आणि हँडलवरचे स्विच जपानी छापाचे असले की ते अस्सल समजावेत’ असा जो सल्ला त्यात दिला आहे, तो निम्माच खरा आहे, आणि त्याच समजुतीपायी मी स्वतः पैसे व वस्तू दोन्ही गमावून बसलो असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आमच्या घरी वडिलांनी 1987 साली घेतलेली यामाहा आरएक्स 100 आहे. नंबर अजून जुन्या ‘जीडी’ मालिकेतला, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाचा. चार वर्षांपूर्वी गाडी नव्याने उभी करायला घेतली, तेव्हा तिच्या इंडिकेटरच्या नारिंगी काचांवर एका भारतीय कंपनीचे नाव दिसले. हे नंतर कोणीतरी बदललेले असणार, असे मानून मी ते इंडिकेटर आणि डाव्या बाजूचा स्विच भंगारात घातला, आणि एका विक्रेत्याकडून ‘1985 चा, जपानहून आलेला, न वापरलेला’ असा संच घेतला. गणेश चवथीच्या आधी गाडी रस्त्यावर यावी, ही घाईही होतीच.

चूक कुठे झाली, हे फोंड्यातल्या आमच्या मेस्तांनी, म्हणजे गाडी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी, दोन मिनिटांत दाखवले. त्यांनी नव्या संचातली काच उलटी करून उजेडाकडे धरली. वर्तुळात ‘इ’ हे रोमन अक्षर आणि शेजारी 43 हा आकडा होता. ही खूण युरोपात मान्य झालेल्या दिव्यांवर असते आणि तिच्यातला आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो: 1 जर्मनीचा, 4 नेदरलँड्सचा, 11 ब्रिटनचा. जपान या खुणेमागच्या करारात आला 1998 मध्ये, आणि त्याच्या वाट्याला 43 हा आकडा आला. म्हणजे ती काच खरोखर जपानी असली तरी 1985 ची असणे शक्य नव्हते. सत्तरीच्या दशकात युरोपला गेलेल्या जपानी गाड्यांच्या दिव्यांवर खूण असलीच तर ती युरोपातल्याच एखाद्या देशाच्या आकड्याची असते, आणि अमेरिकेसाठी बनलेल्यांवर बहुधा ‘एसएई’ ही अक्षरे सापडतात.

स्विचची गोष्ट तर हसू येण्यासारखी होती. मेस्तांनी वायरी सोडवल्या, तर इंडिकेटरच्या दोन वायरींपैकी एक नारिंगी आणि दुसरी फिकट निळी. हे रंग होंडाचे. तिच्यात डावीकडच्या इंडिकेटरला नारिंगी आणि उजवीकडच्याला फिकट निळी वायर जाते. यामाहात डावीकडे गडद चॉकलेटी, उजवीकडे गडद हिरवी, आणि हॉर्नची वायर गुलाबी असते. सुझुकीत डावी काळी व उजवी पोपटी, तर कावासाकीत डावी हिरवी व उजवी करडी. वरचे कवच कोणीही घासून रंगवू शकतो, त्यावर हवे ते नाव उठवू शकतो. पण प्लास्टिकच्या नळीत दडलेल्या वायरींचे रंग बदलण्याची तसदी नकला करणारे सहसा घेत नाहीत. म्हणून स्विच विकत घेताना आधी त्याची शेपटी पाहावी, तोंड नंतर.

आता मूळ मुद्दा. हिंदुस्थानात 1984 ते 1986 या काळात इंड-सुझुकी, हिरो होंडा, एस्कॉर्ट्सने इथे काढलेली यामाहा आरएक्स 100 आणि कावासाकी बजाज अशा शंभर सीसीच्या गाड्या एकामागून एक आल्या. आरएक्स 100 च्या सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेले सुटे भाग इथे जोडून तयार झाल्या आणि पुढे एकेक भाग इथेच बनू लागला. त्यामुळे माझ्या 1987 च्या गाडीवरचा भारतीय छाप हा बदललेल्या मालाचा पुरावा नव्हताच. ती गाडी कारखान्यातून त्याच काचा लावून बाहेर पडली असण्याची शक्यता अधिक होती. अस्सल भाग म्हणजे जपानी भाग, असे धरून चालले तर राजदूत 350 ची फार पंचाईत होईल. ती यामाहा आरडी 350 बी वर बेतलेली खरी, पण मूळ गाडीच्या डिस्कऐवजी तिला पुढे ड्रम ब्रेक दिला होता. उद्या कोणी तिला जपानी डिस्क बसवली तर ती अधिक अस्सल झाली, असे आपण म्हणणार आहोत का?

परदेशातून आलेल्या जुन्या होंडांचे मात्र निराळे आहे. तिथे स्टॅन्ली किंवा कोइतो या दिवे बनवणाऱ्या जपानी कंपनीचे नाव काचेवर शोधायलाच हवे, पण नुसते नाव वाचून थांबू नये. नकली काच बहुतेकदा अस्सल काचेवरूनच साचा घेऊन ओतलेली असते. त्यामुळे अक्षरे तीच येतात, फक्त त्यांच्या कडा बोथट होतात, आणि बोट फिरवले तर फरक कळतो. काच बसवणाऱ्या स्क्रूकडेही पाहावे. जपानी मापाच्या स्टार स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक खोलगट ठिपका असतो, आणि आपल्याकडचा नेहमीचा स्क्रूड्रायव्हर त्यात नीट न बसता घसरून खाचा खातो. खाचा गेलेला ठिपक्याचा स्क्रू मला कोऱ्या चकचकीत स्क्रूपेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो.

भागाचा क्रमांकही बोलका असतो. यामाहाच्या क्रमांकात मॉडेलचा संकेत सुरुवातीला येतो, होंडाच्या क्रमांकात मधल्या तीन आकड्यांत. होंडाच्या क्रमांकात मध्ये 300 असेल तर तो भाग मुळात तिच्या पहिल्या सीबी 750 या मोटारसायकलसाठी काढलेला.

गोव्याच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात स्विचच्या आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढतो, इंडिकेटर लागेनासा होतो, आणि आपण सबंध स्विच फेकून देतो. तो कापडावर ठेवून उघडावा, कारण आतली मसुराएवढी पोलादी गोळी स्प्रिंगसकट उडते आणि मग सापडत नाही. पट्ट्या पुसल्या, थोडे ग्रीस लावले, की बहुतेक स्विच पुन्हा चालतात. माझाही चालला असता.

पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पहिल्या आरएक्स 100 गाड्या 2035 मध्ये त्या वयाला पोचतील, आणि तोवर असल्या ‘जपानी’ संचांचा बाजार वाढतच जाणार. तेव्हा पुरवणीत या सल्ल्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती. लेखासोबतच्या छायाचित्रातल्या गाडीचे पुढचे दोन इंडिकेटरही एका जोडीचे दिसत नाहीत. डाव्याचा दांडा क्रोमचा आहे, उजव्याचा काळ्या रबराचा. मालकांनी दोन्ही काचा उतरवून आतून एकदा पाहाव्यात.

आपला,
एक जुना वाचक, फोंडा