तुम्ही आधी हात धुतलेत

आदरणीय काका,

पाडव्याला पेढे घेऊन दुकानात आले, ती हे सगळं बोलायचं ठरवूनच आले होते. पण गिऱ्हाईक होतं, तुम्ही कापड मोजत होता, आणि माझ्या तोंडून "येते काका" एवढंच निघालं. परतीच्या एसटीत शिरोळ येईपर्यंत डोळे पुसत होते. जे बोलता आलं नाही ते लिहून टाकते. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण हे चारचौघांनी वाचावं असं मला फार वाटतं.

गेल्या आषाढातली दुपार. अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडले आणि पाऊस कोसळायला लागला, म्हणून तुमच्या दुकानाची पायरी चढले. काखेत गोणीत गुंडाळलेल्या, मी शिवलेल्या दोन वाकळी, म्हणजे गोधड्या. तुम्ही पेपरावर भजी घेऊन बसला होता. मी विचारलं, "हे विकायला ठेवाल का?" 'नाही' ऐकायची तयारी करूनच विचारलं होतं. तुम्ही गोणीकडे बघितलंत, भजी बाजूला सारलीत आणि काही न बोलता आत गेलात. मला वाटलं, झालं, उठून गेले. तेवढ्यात आतून नळाचा आवाज आला. साबणानं हात धुऊन, पंच्याला कोरडे करून तुम्ही बाहेर आलात, काउंटर पुसलात, आणि मग म्हणालात, "हां, दाखवा आता."

काका, त्या नळाच्या आवाजासाठी हे पत्र आहे.

त्याआधी वर्षभर माझ्या वाकळींना कसेकसे हात लागले होते ते तुम्हाला ठाऊक नाही. मी कधी सांगितलंच नाही. ही सुरुवात खरी २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराची. आमच्या घरात आठ दिवस पाणी होतं. ओसरल्यावर गाद्या, उशा सगळं उकिरड्यावर गेलं. कापूस एकदा पुराच्या पाण्यात कुजला की त्याचं काही होत नाही. आजीच्या दोन वाकळी मात्र मी तीन-तीनदा धुतल्या आणि त्या पुन्हा अंथरायला घेतल्या. वाकळीच्या पोटात कापूस नसतो. जुन्या सुती लुगड्यांचे आणि धोतरांचे थर असतात, त्यामुळे पाणी निथळतं आणि ऊन आतपर्यंत पोचतं. दोरीवर वाळणाऱ्या त्या वाकळीवर आजीचा एकेक टाका दिसत होता आणि एकही निसटला नव्हता. हे आपण करायचं, हे तिथंच मनात आलं. करायला मात्र चार वर्षं गेली.

पहिल्यांदा कर्जासाठी बँकेत गेले. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारण लागत नाही, हे वाचून गेले होते. साहेबांनी वाकळीचा फोटो बघितला आणि म्हणाले, "याला कोण पैसे देणार? घरातलं पुरुष माणूस घेऊन या." मी फाईल उचलून घरी आले. मग एका मोठ्या शहरातल्या झगझगीत दुकानानं सहा वाकळी जांगड ठेवून घेतल्या, विकल्या की पैसे देऊ म्हणाले. पाच महिन्यांनी चार परत आल्या. एकीवर चहाचा डाग, एकीचा कोपरा उसवलेला. उरलेल्या दोन 'सापडत नाहीत' असं फोनवर सांगितलं, नंतर फोन उचलायचं बंद केलं. त्या दोन वाकळींसाठी मी आजही हळहळते. त्यातल्या एकीत माझ्या मामीचं इरकली लुगडं होतं.

नातेवाइकांचं तर काय सांगू. "एक आम्हालाही शिव की," असं म्हणताना पैशाचा विषय कुणी काढत नव्हतं. प्रदर्शनात एक बाई वाकळीवर पर्स ठेवून, तिच्यावर रेलून फोनवर बोलत उभ्या राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, "आमच्या आजी असल्या फुकट शिवायच्या." त्यांच्या आजी शिवायच्या हे खरंच असणार. पण फुकट होतं ते फक्त घेणाऱ्यांसाठी. आजीचे डोळे गेले, बोटांची टोकं चाळणीसारखी झाली, त्याचा हिशोब कुणी ठेवलाच नाही. हे तेव्हा तोंडावर बोलायला हवं होतं. बोलले नाही.

एवढं सगळं झाल्यावर मी स्वतःच माझ्या कामाकडे त्यांच्या नजरेनं बघायला लागले होते. म्हणून तर चांगल्या पिशवीत न आणता गोणीत गुंडाळून आणल्या होत्या त्या. आणि तुम्ही हात धुऊन आलात.

तुम्ही वाकळ उलगडली ती आधी उलट्या बाजूनं. धावदोरा दोन्हीकडून सारखा पडलाय का ते कडेपासून मधल्या चौकोनापर्यंत बोट फिरवून बघितलंत. "पॉलिस्टर एक घातलं नाहीसा," म्हणालात. पॉलिस्टरच्या साडीत सुई सटकते, टाका धरत नाही आणि अंगावर घेतली की घाम येतो, हे मला आजीनं सांगितलं होतं. पण दुकानात बसलेल्या कुणी ते ओळखल्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. मी किंमत सांगितली, ८०० रुपये. तुम्ही ती ऐकली न ऐकल्यासारखी केलीत आणि विचारलंत, "किती दिवस लागले?"

किंमत सगळे विचारत होते. दिवस तोवर कुणीच विचारले नव्हते.

बारा दिवस, रोज दुपारी जेवणं उरकून पाच तास, असं मी सांगितलं. तुम्ही बिलाच्या पाठीमागं मांडलंत. साठ तास. "तुमच्याकडं भांगलायला गेलेल्या बाईला आठ तासाला तीनशे मिळतात का?" मिळतात म्हटलं. "मग हे साडेसात रोज झाले. २,२५०. वर दोरा, अस्तराचं मांजरपाट, धुणं. आठशेला देताय म्हणजे घरातनं पैसे घालून लोकांना पांघरूण वाटताय की वो." मग २,८०० वर गोल केलात आणि दोन्ही वाकळींचे ५,६०० रुपये रोख माझ्या हातावर ठेवलेत. जांगड नाही, उधार नाही. "मी यावर माझं चढवून विकणार, ते आत्ताच सांगून ठेवतो," हेही स्वच्छ सांगितलंत. तो बिलाचा कागद मी आजीच्या फोटोमागं ठेवलाय.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. महिन्याभरानं तुम्हीच सांगितलंत की नवी वाकळ घेणारे थोडेच असतात, पण वारलेल्या आईची लुगडी ट्रंकेत ठेवून बसलेली माणसं घरटी एक आहेत. ती लुगडी कुणाला देववत नाहीत आणि नुसती बघवतही नाहीत. "त्यांना विचारा," म्हणालात. आज माझ्याकडं येणाऱ्या दहांतली आठ कामं तशी आहेत. कुणी आईची नऊवारी आणतं, कुणी वडिलांची धोतरं, एक ताई बाळंतपणातली दुपटी घेऊन आल्या होत्या. शेजारच्या दोघी आता माझ्यासोबत शिवायला बसतात, आणि त्यांचा रोज मी तुमच्याच हिशोबानं काढते. अस्तराला लागणाऱ्या मांजरपाटासाठी इचलकरंजीतला माग तुम्ही दाखवलात, धुताना रंग उतरणारं कापड आधी पाण्यात घालून तपासायला तुम्ही शिकवलंत. हे सगळं मोठंच आहे. पण एखाद्यानं मला मध्यरात्री उठवून विचारलं, काकांनी काय केलं, तर मी पहिल्यांदा नळाचाच आवाज सांगेन.

दिवाळीत मी धीर करून तुम्हाला त्याबद्दल विचारलं होतं. तुम्हाला तर ते आठवतही नव्हतं. "अवो, भजी खाल्लेली. तेलकट हात कापडाला लावायचे व्हय?" म्हणालात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळलात. मला त्या रात्री झोप आली नाही. माझ्यासाठी ज्यानं सगळं फिरलं, ते तुमच्यासाठी इतकं रोजचं होतं की लक्षात ठेवण्यासारखंही नव्हतं. तुम्ही मला मोठं करायला म्हणून काही केलंच नव्हतं. कापडाला जसं वागवायचं तसं वागवलंत, आणि ते कापड माझं होतं.

तेव्हापासून अशी माणसं मला दिसायला लागली आहेत. आमच्या गावच्या एसटीचे एक कंडक्टर म्हाताऱ्या माणसाचे सुटे पैसे त्याच्या तळहातावर मोजून ठेवतात आणि मूठ मिटेपर्यंत थांबतात. तालुक्याच्या दवाखान्यातली एक सिस्टर इंजेक्शन देण्याआधी पोराचं नाव विचारते. त्यांची नावं कुठं छापून येत नाहीत. पण त्यांच्याकडून परत येणारं माणूस थोडं सरळ होऊन चालतं, हे मी माझ्यावरून सांगू शकते. त्या बँकेतल्या साहेबांना, त्या दुकानवाल्यांना माझ्यासाठी काही मोठं करायची गरजच नव्हती. 'नाही' म्हणायचंच होतं, तर ते फोटोकडं नीट बघूनही म्हणता आलं असतं.

आता कामाचं. फाल्गुनात तुम्ही तुमच्या आईची चार लुगडी माझ्याकडं दिलीत. हिरवं इरकली वरच्या बाजूला घेतलंय, त्याचा लाल पदर मधोमध येईल असा बसवलाय. एका लुगड्याला कमरेच्या जागी जुनं रफू होतं, ते काढलं नाही, त्याच्याभोवतीनं दोरा नेलाय. त्यांच्याच हातचं असणार ते. चारी कोपऱ्यांना माझ्याकडचा खण लावलाय, तो माझ्याकडून. शेवटच्या तीन ओळी राहिल्यात, रविवारी संपतील. सोमवारी तुमचं दुकान बंद, म्हणून मंगळवारी दुपारच्या गाडीनं घेऊन येते. बाकीचे पैसे मी पूर्ण घेणार आहे, तीनशेच्या रोजानं, नाहीतर तुम्ही बोलाल. फक्त तुमच्या हातात देण्याआधी आत जाऊन तुमच्या नळावर मला हात धुऊ द्या. एसटीतनं आलेली असेन.

तुमची,
वाकळवाली