ज्यानं माझी वही वाचली त्याला

बाळा,

नाव कुठे लिहू नका म्हणालास, म्हणून लिहीत नाही. पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

दीड महिना माझं इंटरनेट रोज संध्याकाळी मान टाकत होतं. मुद्रितशोधनाचं काम, फाइल रात्री आठपर्यंत पाठवायची, आणि ऐन सात वाजता कॉम्प्युटर सांगणार, केबलच लावलेली नाही! कंपनीचा माणूस दोनदा आला. खाली ओसरीवरच्या राउटरला स्वतःचा लॅपटॉप लावून "आमच्याकडून ओके आहे" म्हणाला नि गेला. माडीवर यायची तसदी दोन्ही वेळा घेतली नाही. दुकानदारानं तर मशीन चालू करायच्या आधीच निदान केलं, "काकू, डेबियन आहे ना? मग हे असंच होणार. विंडोज टाकून देतो." डेबियन म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्सची एक सिस्टीम. आठ वर्षं त्याच डेबियनवर पोट भरतेय मी, त्याचं काय?

तू आलास आणि कीबोर्डला हातही लावला नाहीस. टेबलावरच्या वहीकडे बघून विचारलंस, "हे काय लिहिलंय?" किती वाजता गेलं, किती वाजता आलं, अशा माझ्या 23 नोंदी. त्या दोघांपुढेही ही वही मी धरली होती, एकानंही पान उलटलं नव्हतं. तू स्टुलावर बसलास आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचलीस. चहा निवला तरी वाचत होतास. खरं सांगते, माझं काम तिथेच झालं होतं. आमचे जुने डॉक्टर असे होते. नाडीला हात लावायच्या आधी सगळं ऐकून घ्यायचे, अर्धा ताप तिथेच उतरायचा.

मग तू मशीनची नोंदवही उघडलीस. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, असं काही लिहून ठेवतो हे मला ठाऊकच नव्हतं. 'लिंक इज डाउन', म्हणजे केबलचा संपर्क तुटला, पुढे तास, मिनिट, सेकंद. 23 पैकी 22 वेळा जुळल्या. उरलेल्या एका दिवशी गावातली लाइटच गेली होती, ते मीच विसरले होते. "काकू, तुमची वही आणि मशीनची वही एकच सांगतायत," म्हणालास तेव्हा मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं.

आणि मग तो प्रश्न, "साडेसहा-सातला तुम्ही रोज काय करता?"

डास येतात म्हणून खिडकी लावते! आणि केबल त्याच खिडकीच्या चौकटीतून आत येते. रोज दाबून दाबून आतल्या तारा तुटत आलेल्या. सेकंदाला 1000 मेगाबिटच्या वेगाला केबलमधल्या आठही तारा लागतात, 100 ला चारच पुरतात, म्हणून दिवसा लंगडत का होईना चालायचं आणि खिडकी लागली की तेही बंद. यात लिनक्सचा काय दोष होता, ते त्या दुकानदाराला कुणीतरी विचारा.

नवी केबल तू दारावरून नेलीस, पैसे फक्त केबलचे घेतलेस, आणि निवलेलाच चहा पिऊन गेलास. दुसरा करू दिला नाहीस, हे मात्र मी विसरणार नाही.

वही अजून टेबलावरच आहे. चोविसावी नोंद काही झाली नाही. मागच्या पानांवर आता दुधाचा हिशेब लिहिते.

— माडीवरच्या काकू