दोक्कीच्या अम्मोंना, कोल्हापूरहून

आदरणीय अम्मो,

सप्रेम नमस्कार. मनातलं मला मराठीतच नीट सांगता येतं, म्हणून मराठीत लिहितेय. लेक तुम्हाला फोनवर हे अरबीत सांगणार आहे. त्याला अरबी येतं ते तुमच्यामुळे, आणि आभार त्याचेच मानायचेत.

इतर वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, की अम्मो म्हणजे काका, आणि कैरोत इमारतीला बव्वाब असतो. त्याला वॉचमन म्हटलं तर फार कमी होतं. अम्मो आमच्या इमारतीचे बव्वाब, जिन्याखालच्या खोलीत राहायचे. गॅसच्या सिलिंडरपासून कुणाच्या आजारपणापर्यंत सगळ्या इमारतीची काळजी त्यांनाच.

२०२२ साली यांच्या नोकरीमुळे आम्ही कैरोला लागून असलेल्या दोक्कीत आलो, तेव्हा लेक नऊ वर्षांचा होता. शाळेत अरबी सक्तीचं. पहिले चार महिने तो वर्गात कुणाशी एक शब्द बोलला नाही. घरी यायचा, दप्तर टाकायचा आणि कोल्हापूरला कधी जायचं, एवढंच विचारायचा. आकड्यांनी तर त्याला रडकुंडीला आणलं होतं. अरबी पाच दिसतो आपल्या शून्यासारखा आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. गणित बरोबर, उत्तर चूक.

एका संध्याकाळी तो जिन्यात वही घेऊन रडत बसला होता. तुम्ही त्याला हाताला धरून खोलीत नेलंत. भिंतभर अल अहली या फुटबॉल क्लबची कात्रणं चिकटवलेली. त्यातल्या एका तारखेवर बोट ठेवून तुम्ही त्याच्याकडून वाचून घेतलंत : १९०७.

त्या एका आकड्यावर तुम्ही आठवडा घालवलात. इंग्रजांच्या ताब्यातला देश, परक्यांचे क्लब, आणि आपल्या विद्यार्थ्यांना एकत्र यायला हक्काची जागा नाही, म्हणून उमर लुत्फी नावाच्या वकिलाने ही कल्पना मांडली. अल अहली म्हणजे राष्ट्रीय. पहिला अध्यक्ष मात्र मिचेल इनेस हा इंग्रज अधिकारी, आणि १९२५ पासून सभासद फक्त इजिप्शियन. इजिप्तमध्ये सहकाराची चळवळही याच लुत्फींनी सुरू केली, हे मला नंतर कळलं. साखर कारखाने आणि दूध संघांच्या जिल्ह्यात वाढलेली मी, मला तो माणूस एकदम घरचा वाटला.

पुढचा आकडा सहा. १६ मे २००२, प्रतिस्पर्धी झमालेक क्लबवर ६-१, त्यातले चार गोल एकट्या खालिद बीबोचे. "बीबो आणि बशीर, बीबो आणि बशीर" ही कॉमेंट्री (बशीर म्हणजे झमालेकचा बचावपटू) तुम्ही म्हणायचात आणि लेक मागोमाग म्हणायचा. त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं सलग अरबी ते.

मग अल अहलीच्या अबू त्रिकाचा २२ नंबर. २००६ ची आफ्रिकेच्या कपची फायनल, ट्युनिशियात राडेसचं मैदान, समोर तिथलाच स्फाक्स क्लब. कैरोत १-१ झालेलं आणि परक्या मैदानावरचा गोल जास्त मोलाचा, म्हणजे आपला गोल नाही झाला तर कप गेला. ९० मिनिटं संपलेली. हे सांगताना तुम्ही उभे राहायचात, डाव्या पायातली चप्पल सैल करायचात आणि हवेत लाथ मारायचात. चप्पल दरवेळी मीटरच्या पेटीवर आपटायची. लेक "गोल!" म्हणून ओरडायचा तेव्हा मी वरून गॅलरीतून बघत असायचे. चार महिन्यांनी तो असा ओरडला होता, अम्मो. तुम्हाला दिसू नये म्हणून मी आत जाऊन रडले.

एका कात्रणाबद्दल मात्र तुम्ही कितीतरी दिवस काही बोलला नाहीत. त्यावर आकडा होता ७२. लेकानेच विचारलं, तेव्हा तुम्ही मला खाली बोलावलंत आणि माझ्यासमोर सांगितलंत. १ फेब्रुवारी २०१२, पोर्ट सईद. सामना संपल्यावर मैदानात लोक घुसले, बाहेर पडायचा दरवाजा बंद होता. अल अहलीचे ७२ चाहते घरी परतले नाहीत, बहुतेक कोवळी पोरं. तुमचा भाचा त्या दिवशी तिथे होता. तो आला, त्याचा मित्र आला नाही. अबू त्रिकाच्या समोर एका पोराने प्राण सोडला, हे सांगून तुम्ही थांबलात. नंतर शांतपणे म्हणालात, की देशातली लीग बंद पडली तरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच राडेसला जाऊन आपण आफ्रिकेचा कप जिंकला, आणि तो त्या पोरांचा होता. नऊ वर्षांच्या मुलाला असं दुःख किती सांभाळून सांगावं, ते मी त्या दिवशी तुमच्याकडून शिकले.

११ जून २०२३ तर विसरणं शक्यच नाही. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात तुम्ही त्याला शेजारी खुर्ची दिलीत. आफ्रिकेच्या कपची फायनल, कासाब्लांकात तिथल्या विदाद क्लबचा एक गोल झालेला, दुकान चिडीचूप. ७८ व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि आपल्या मोहम्मद अब्देलमोनेमने हेडर मारला. बरोबरी पुरेशी होती. अकरावा कप! कुणीतरी लेकाला खांद्यावर घेतलं. घरी आल्यावर त्याने मला सगळी मॅच अरबीत सांगितली. मला निम्मी कळली नाही, पण मी मध्ये एकदाही थांबवलं नाही. पुढच्या वर्षी बारावा कपही त्याने तुमच्याशेजारीच बसून पाहिला.

आता आम्ही परत आलोय. इथेही फुटबॉलचं वेड काही कमी नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीच्या टीमची मॅच असली की पेठांमधून पोरं झेंडे घेऊन निघतात. त्या गर्दीत माझा लेक लाल जर्सी घालून जातो. कुणी विचारलं, ही कुठली तालीम, तर उमर लुत्फींपासून सुरुवात करतो.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने वहीच्या कागदावर तुमचं पाऊल पेन्सिलीने आखून घेतलं होतं, ते कशासाठी म्हणून तुम्ही विचारत होतात. तो कागद आम्ही चपला करणाऱ्यांकडे दिला होता. कोल्हापुरी चपलेचा जोड तयार झालाय, पार्सल सोमवारी निघेल. डाव्या पायाचा अंगठा जरा सैल ठेवायला लेकाने त्यांना बजावून सांगितलंय.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची