‘जेवलास का?’चं उत्तर

आई, बाबा,

फोनवर आई रोज विचारते, “जेवलास का?” मी म्हणतो, “हो.” मग ती विचारते, “काय जेवलास?” आणि तिथे माझी गाडी अडते. एक अंडं आणि दोन चमचे दही, असं खरं सांगितलं की पलीकडे शांतता. मग बाबा फोन घेतात आणि हवापाण्याचं बोलतात. वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून, पाच महिने हेच चाललंय. म्हणून लिहायला बसलो. लिहिताना मध्ये कुणी तोडत नाही, आणि आईचा चेहराही दिसत नाही.

वेळही आयता मिळतो. जेवल्यावर अर्धा तास मला पाणी प्यायचं नसतं. तहान लागलेल्या माणसाला अर्धा तास केवढा वाटतो ते मला आत्ता कळलं. नुसतं घड्याळाकडे बघत बसण्यापेक्षा तेवढ्यात चार ओळी लिहितो. चार-पाच जेवणांनंतरचे तुकडे मिळून हे पत्र झालंय, तेव्हा विषय उड्या मारतील.

आई, तू सगळ्यांना माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलंस. मला राग नाही आला, पण गंमत ऐक. वजन झपाट्याने उतरलं की पित्तात खडे होण्याची शक्यता खरंच वाढते. ते होऊ नयेत म्हणून मला सहा महिने रोज गोळ्या आहेत. म्हणजे तू जे काढून टाकलंस, तेच मी इथे जपतोय. मावशीचा परवा फोन आला, तेल-तूप कसं टाळायचं ते समजावत होती. मला ते ऐकवेना. मी तिला खरं सांगून टाकलं. ती दोन सेकंद थांबली आणि म्हणाली, “मग गुडघे आता कसे आहेत?” बस, एवढंच. तूही सांगितलंस तर चालेल.

आणि “पोट काढून टाकलं” असं मनात घेऊन रडू नकोस. जठर ही एक पिशवी असते. तिचा बाहेरचा फुगीर भाग, पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच, काढलाय. उरलीय केळ्यासारखी एक उभी नळी. आतड्याला हात लावलेला नाही. जो भाग गेला, त्यातूनच भुकेचा निरोप मेंदूला पोहोचवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक बरंचसं तयार होतं. त्याचा शोध जपानमधल्या संशोधकांनी १९९९ साली लावला. त्यामुळे पहिले तीन महिने मला भूक म्हणून लागलीच नाही. तू विचारायचीस, “भूक नाही लागत का रे?” आणि मी “लागते ना” म्हणायचो. ते खोटं होतं. मी घड्याळ बघून जेवत होतो, औषध घ्यावं तसं.

बाबा, तुम्ही ऑपरेशनच्या आदल्या रात्री म्हणालात, “एवढं कापून घेण्यापेक्षा तोंड आवरलं असतंस तर.” मी तेव्हा गप्प बसलो, पण ते विसरलोही नाही. बारा वर्षं मी तोंडच आवरत होतो. दहा किलो उतरवायचे, बारा चढायचे. खाणं कमी करून वजन उतरलं की शरीर ते संकट समजतं. भुकेचं संप्रेरक वाढवतं, ऊर्जेचा खर्च कमी करतं, आणि गेलेलं वजन परत मिळवायच्या मागे लागतं. जिद्दीने काही दिवस निभावतात, वर्षं नाही. आणि हे कालपरवाचं फॅडही नाही. तुम्हाला साल लागतं म्हणून सांगतो, अमेरिकेत आयोवा इथे एडवर्ड मेसन या सर्जननी वजनासाठी जठराच्या बायपासची पहिली शस्त्रक्रिया १९६६ साली केली. माझी झाली ती स्लीव्ह, म्हणजे वर सांगितलेली, जठराची नळी करणारी. आधी ती फार जोखमीच्या रुग्णांसाठी मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा म्हणून करत. मग लक्षात आलं, की बऱ्याच जणांना तेवढ्यानेच पुरतं. सोपी वाट मात्र म्हणू नका. सोपी कशी नाही ते आता सांगतो.

पहिल्या दिवशी औषधाच्या झाकणाएवढ्या कपातून पाणी. एक कप, घोट घोट, पंधरा मिनिटांत. मग दोन आठवडे सगळं पातळ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, नंतर मऊ, आणि दोन महिने उलटल्यावर नेहमीचं अन्न. दर ठिकाणचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, माझं हे होतं. मिक्सरचे दिवस मला सगळ्यात वाईट गेले. रंग वेगळा, वाटी वेगळी, चव एकच. आणि टाक्यांपाशी सूज असते, त्यामुळे पाणीसुद्धा छातीत अडकल्यासारखं वाटतं.

इथे एक कबुली. तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस माझा फोन लागत नव्हता, आणि मी चार्जर बिघडला म्हणून सांगितलं होतं. चार्जर धडधाकट होता. मी हॉस्पिटलमध्ये होतो. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी पोटात जायला हवं, माझं पाऊण लिटरही जात नव्हतं. उठलो की डोळ्यापुढे अंधारी, लघवी गर्द पिवळी. सलाइन लावल्यावर तासाभरात माणसात आलो. आता बाटलीवर पेनने रेघा मारल्यात, अकरापर्यंत इथवर, दोनपर्यंत इथवर. घटाघटा पिता येत नाही, त्यामुळे मागे पडलेलं पाणी संध्याकाळी भरून निघत नाही. हे तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं.

आता ताटाचं. बाबा, आपल्या घरातला एकच कायदा मला पाठ आहे, ताटात टाकायचं नाही. चाळीस वर्षं पाळला. आता माझं सगळ्यात अवघड काम म्हणजे वाटीत दोन घास शिल्लक असताना उठणं. पोट भरलं हे पूर्वी मला कळायचंच नाही, आता कळतं, तेही विचित्र खुणांनी. उचकी लागते, नाहीतर नाकातून पाणी येतं. ती खूण दिसली की थांबायचं. त्यानंतरचा एक घास म्हणजे संकट. नवव्या आठवड्यात ऑफिसात एका हातात फोन धरून चिकन खाल्लं. कोरडं होतं, मी चावलं नाही. छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं झालं, तोंडात फेसाळ लाळ, आणि चाळीस मिनिटं बाथरूममध्ये. बाहेर आलो तर सहकारी विचारतोय, “काय, जास्त खाल्लं वाटतं?” तीन तुकडे खाल्ले होते!

तेव्हापासून जेवताना फोन बंद. छोटा चमचा, घासागणिक चमचा खाली, एकेक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. अर्धी-पाऊण वाटी संपायला पंचवीस मिनिटं लागतात.

क्रम ठरलेला आहे. आधी प्रथिनं, मग भाजी, मग जागा उरली तर भात किंवा पाव. बहुतेकदा उरत नाही. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. एका अंड्यात सहा-साडेसहा ग्रॅम असतात, यावरून हिशेब कर. म्हणून मी प्रथिनांची पावडर पितो. तू ती “जिमवाल्या पोरांची” म्हणालीस, पण सध्या माझा निम्मा आधार तीच आहे.

आणि आई, तो डबा. मोठं मन करून वाच. तू पाठवलेल्या गोडाच्या डब्याचं मी “छान होतं, ऑफिसात वाटलं” असं सांगितलं. वाटलं नव्हतं. एका संध्याकाळी मी एकट्याने संपवलं. आणि मला काहीही त्रास झाला नाही. काहींना ऑपरेशननंतर गोड खाल्लं की घाम फुटतो, छाती धडधडते, आडवं व्हावं लागतं. मला तसलं काही झालं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. अर्ध्या अंड्याने भरणाऱ्या पोटातून मऊ, गोड पदार्थ सरसर खाली उतरतो, जागाच अडवत नाही. बिस्किटं, आइस्क्रीम, सगळं असंच. ही पळवाट सर्जनला बंद करता येत नाही. त्या रात्री मला भूक नव्हती. ऑफिसात बॉसशी वाजलं होतं, घरी आलो, आणि पूर्वी अशा संध्याकाळी जे करायचो तेच केलं. पोट छोटं झालं तरी ती संध्याकाळ तेवढीच मोठी राहिलीय. आता महिन्यातून दोनदा एका समुपदेशकाकडे जातो. तिथे मी जेवणापेक्षा बॉसबद्दल जास्त बोलतो.

म्हणून तू येशील तेव्हा डबा आणू नकोस. हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिलंय. तुझ्या हातचं मला नको असं त्यात कुठेही नाही. पण तू समोर बसून “अजून एक घास, माझ्यासाठी” म्हणालीस, तर मी तो घेईन, आणि मग अर्धा तास तुला माझी पाठ थोपटत उभं राहावं लागेल.

केसांचं. व्हिडिओवर तुला विरळ दिसले ते खरंच विरळ झालेत. तिसऱ्या महिन्यापासून कंगव्यात गुंतवळ येऊ लागली. ऑपरेशनचा ताण आणि भराभर उतरणारं वजन यामुळे बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. मुळं शाबूत असतात, सहसा परत येतात. बाबांकडून आलेलं टक्कल मात्र येणारच आहे, त्याचा ऑपरेशनशी संबंध नाही.

गोळ्यांचा डबा बाबांच्यापेक्षा मोठा झालाय. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास हवेत, एक दुसऱ्याला शोषू देत नाही. बी-१२ शोषायला लागणारं एक द्रव्य जठरातच बनतं, आणि माझं जठर आता केवढं आहे ते वर लिहिलंच आहे. ही जीवनसत्त्वं बहुधा जन्मभर. पण मधुमेहाच्या दोनपैकी एक गोळी बंद झाली, रक्तदाबाची निम्मी झाली. बाबा, तुम्ही स्वतःच्या कमी करू नका, माझ्या डॉक्टरांनी मोजून केल्यात. आणि तुमची ती गुडघ्याची आयब्युप्रोफेन मला “घे रे एक, काय होतंय” म्हणून देऊ नका. त्या जातीच्या गोळ्या मला बंद आहेत, जठराला जखम होऊ शकते. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल.

वजन १२८ होतं, काल सकाळी १०१ भरलं. मधे चौथ्या-पाचव्या आठवड्यात काटा बारा दिवस जागचा हलला नव्हता. इतकं कमी खाऊन! मी रडकुंडीला आलो होतो. आहारतज्ज्ञ बाई हसल्या, म्हणाल्या सगळ्यांचं होतं. काटा आता कपाटात, आठवड्याला एकदाच बाहेर. दीड वर्षाच्या आसपास उतरणं थांबेल, आणि नंतर थोडं परत वाढतंही. तेव्हा “आम्ही म्हटलंच होतं” असं म्हणू नका, हे आत्ताच लिहून ठेवतो. पोटाची कातडी लोंबतेय, ती व्यायामाने पूर्ण जाणार नाही. परवा मात्र बुटाची नाडी बसल्या बसल्या बांधली, श्वास न रोखता. बांधून झाल्यावर सोडली आणि परत बांधली.

भूक हल्ली थोडी परत यायला लागलीय. तुला हे ऐकून बरं वाटेल, मला जरा धाकधूक आहे.

सहाव्या महिन्याची रक्ततपासणी पुढच्या महिन्यात, तुम्ही इथे असाल तेव्हाच. रिपोर्ट बाबांनी वाचावा, मला त्यातले बाण वर की खाली एवढंच कळतं. जेवायला आपण एकत्र बसू. माझं तुमच्या आधी सुरू होईल आणि तुमच्या नंतर संपेल, वाढायला मात्र मला कुणी येऊ नका.

अर्धा तास झाला. पाणी पितो.

तुमचा,
बाळ्या