दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना

बडोदे, १७ जानेवारी २०२५

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

काल जिन्यात थांबून मी तुमचे आभार मानायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा तुम्ही "अगं, आधी आत ये, चहा टाकते" म्हणून विषय मिटवलात. म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण ऑगस्टमधल्या पुरानंतर आपल्या बडोद्यात, अकोट्यात, मुजमहुड्यात, समाकडे कितीतरी घरांमागे अशी एखादी काकू उभी राहिली असेल आणि तिला कुणी सांगितलं नसेल. तुमच्या मोतीबिंदूच्या डोळ्याला अजून बारीक अक्षर सोसत नाही, तेव्हा माझी लेक हे तुम्हाला वाचून दाखवणार आहे. ती जोडाक्षरांवर अडेल, तेवढं सांभाळून घ्या.

२६ ऑगस्टला जन्माष्टमी होती. मी सुंठवडा करून ठेवला होता. आजवा धरणाचं पाणी आणि वरून न थांबणारा पाऊस, विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट आणि नदी गेली ३५ फुटांच्याही वर, हे सगळं नंतर पेपरात वाचलं. त्या वेळी मला दिसलं ते एवढंच, की मोरीच्या जाळीतून पाणी उलटं वर येतंय. अर्ध्या तासात ते घोट्याला लागलं. यांनी लेकीला खांद्यावर घेतलं, मी कागदपत्रांची पिशवी घेतली, आणि आम्ही जिना चढलो तर तुमचं दार आधीच उघडं होतं. आत तीन गाद्या घालून तयार होत्या.

त्या आठवड्यात आम्हाला पुष्कळांनी दिलं. खिचडीची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, चादरी, कुणी कुणी आपल्या मुलांचे कपडे. त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण काकू, मी तेव्हा तुमच्या दाराबाहेरच्या पायरीवर बसून खाली भरलेल्या तपकिरी पाण्याकडे नुसती बघत असायची. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात आणि माझ्या हातात रव्याची चाळणी दिलीत. त्या चाळणीसाठी हे पत्र आहे.

२९ तारखेला लेकीचा सहावा वाढदिवस होता. लाईट नाही, दुकानं बंद, आमचा ओव्हन खाली पाण्यात. मी तिला समजावलं होतं की यंदा नंतर करू. तुमच्या फ्रीजमधलं दही आंबून गेलं होतं, मी ते ओतायला निघाले, तर तुम्ही हात धरलात. "टाकू नकोस, आज हेच हवंय." मग माळ्यावरून तुमचा हांडव्याचा कुकर निघाला. तो खालच्या थाळीत वाळू भरायचा जुना अॅल्युमिनियमचा कुकर मी इतकी वर्षं हांडव्यासाठीच, त्या डाळ-तांदळाच्या खमंग गुजराती केकसाठीच, समजत होते. तुम्ही वाळू पसरलीत, मंद गॅसवर दहा मिनिटं रिकामाच तापत ठेवलात, आणि तोवर मला मापं सांगितलीत. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी साखर, एक वाटी दही, अर्धी वाटी तेल, आणि पावडरचं दूध कालवून लागेल तसं. रवा वीस मिनिटं भिजू दिला. तुम्ही सोडा शेवटी घातलात, अर्धा चमचा, आणि म्हणालात, "सोडा पडला की गप्पा बंद." आंबट दह्याला सोडा भेटला की लगेच बुडबुडे सुटतात, ते निघून जायच्या आत पीठ आचेवर गेलं पाहिजे, म्हणून. पीठ डोळ्यांसमोर फुगलं. मी आजवर पाकिटावरच्या सूचना वाचून केक करत आले होते, सोडा कधी आणि बेकिंग पावडर कधी याचं कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. पावडरीत आंबटपणा आधीच मिसळलेला असतो, सोड्याला तो आपण द्यायचा, हे मी मेणबत्तीच्या उजेडात, तुमच्या ओट्याशी शिकले.

तुम्ही आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात होम सायन्स शिकलात, हे तेव्हाच कळलं. हंसाबेन मेहता तिथल्या पहिल्या कुलगुरू, आणि घर चालवणं हा पदवीचा विषय आहे हे त्या काळात त्यांनी धरून ठेवलं, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. पन्नास वर्षांपूर्वी वहीत उतरवलेलं तुम्ही मला त्या रात्री जसंच्या तसं म्हणून दाखवलंत.

पाऊण तासाने तुम्ही लोकरीची सुई केकमध्ये खुपसून बाहेर काढलीत. ती कोरडी निघाली. वरून केक फिकाच होता, तळाला मात्र छान तांबूस झाला होता. सुरीने रवा भुगा होतो म्हणून तुम्ही शिवणाचा दोरा दोन हातांत ताणून तो कापलात आणि जिन्यातल्या सगळ्या घरांना एकेक फोड पोचवली. लेकीने फुंकर मारली ती देवघरातल्या मेणबत्तीवर. तिला आजही विचारा, सगळ्यात चांगला वाढदिवस कोणता. ती लगेच सांगते.

पाणी उतरल्यावर ती घरात यायलाच तयार होईना, आठवतं? विश्वामित्रीतल्या मगरी रस्त्यांवर आल्याचे व्हिडिओ तिने शेजारच्या मुलांबरोबर पाहिले होते आणि पलंगाखाली मगर आहे यावर ती ठाम होती. आम्ही बॅटरी घेऊन पलंगाखाली बघून दाखवलं, रागावलो, लाडाने सांगितलं, काही उपयोग झाला नाही. तुम्ही तिला म्हणालात, "असेल बाई. मग आपणच एक पाळू, म्हणजे दुसरी येणार नाही." तुमच्या जुन्या हिरव्या इरकली ब्लाउजची मगर झाली. पाठीवर दुहेरी कापडाची कंगोऱ्यांची पट्टी, दातांना पांढरी झिगझॅग लेस, डोळ्यांना आजोबांच्या शर्टाची दोन बटणं, पोटात चिंध्या. शेपूट लेकीने शिवलं. टाके एवढे मोठे की मधून चिंधी दिसते, ते तुम्ही उसवायला दिलं नाहीत. संध्याकाळी ती मगर उंबऱ्यावर दाराकडे तोंड करून ठेवली आणि लेक आत येऊन जेवली. मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडले, ते तुम्ही पाहिलंत आणि काही बोलला नाहीत. त्याबद्दलही आभार.

सात सप्टेंबरला गणपती. यंदा सुपारीच पुजू, असं माझं ठरलं होतं. तोपर्यंत सोसायटीच्या फाटकाशी नव्या फ्रीजच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग लागला होता, कारण तळमजल्यावर प्रत्येकाचाच फ्रीज गेला होता. त्यातली दोन खोकी तुम्ही ओढत आणायला लावलीत. मैद्याची खळ, तिच्यात किडीसाठी चिमूटभर तुरटी, आणि वरून तुमची विरलेली जांभळी साडी चिकटवून दीड तासात मखर उभं राहिलं. शाडूची मूर्ती आम्ही दांडिया बाजारातून पायी घेऊन आलो. भिंतींवर कमरेइतकी ओलाव्याची रेघ होती आणि मला ती पाहुण्यांपासून झाकायची होती. लगेच रंग देऊन टाकू, असं हे म्हणत होते. तुम्ही अडवलंत. वीट आतून ओली असताना रंग दिला तर महिन्यात पोपडे धरणार, मिठासारखा पांढरा खार बाहेर येणार. त्याऐवजी भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून दोरी बांधायला सांगितलीत आणि तिच्यावर साड्या सोडल्या. मागून हवा खेळत राहिली, पुढून घर घरासारखं दिसलं. दिवे लावल्यावर त्या साड्यांतून झिरपणारा पिवळा उजेड मला इतका आवडला, की भिंती वाळल्या तरी एक साडी मी अजून काढलेली नाही.

आता ट्रंकेबद्दल. आईच्या साड्यांची ट्रंक पाण्यात होती, आणि ती उघडायचा मला पाच दिवस धीर झाला नाही. आई जाऊन चार वर्षं झाली. तुम्ही विचारलंत, "मी उघडू, की तू उघडतेस?" मी उघडली. दोन साड्यांवर काळी बुरशी धरली होती, त्या गेल्याच. बाकीच्या चिखलाने कडक झाल्या होत्या. मी त्या बादलीत बुचकळणार, तर तुम्ही थांबवलंत. ओला चिखल चोळला की सुतात बसतो, आधी पूर्ण वाळू दे, मग ब्रशने झटक, मग गार पाण्यातून पाच-सहा वेळा काढ, साबण सगळ्यात शेवटी. गच्चीवर तुम्ही आणि मी चार दुपारी हेच केलं. रेशमी दोन होत्या, त्या तुम्ही सावलीत वेगळ्या वाळवल्या आणि मला त्यांना हात लावू दिला नाहीत.

सुती पाच साड्यांची गोधडी करायचं तुमच्या मनात होतं, पण तुम्ही महिनाभर ते बोलून दाखवलं नाहीत. नवरात्र संपल्यावर मीच विचारलं. आम्ही पलंग सरकवून फरशीवर साड्या एकावर एक अंथरल्या, सुरकुती राहू नये म्हणून कोपऱ्यांवर पाट आणि वरवंटा ठेवला, कडा आत दुमडल्या आणि धावदोरा बाहेरून सुरू करून चौकोनात फिरत मध्यापर्यंत नेला. टाका तांदळाएवढा. तुमचा पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच राहिला. माझे पहिले दोन फेरे गव्हाएवढे आहेत, तिसऱ्यापासून हात बसला. आईची निळी साडी, जी ती शाळेत शिकवायला जाताना नेसायची, तिच्यावर मातीचा डाग राहिला होता, धुऊन न गेलेला. ती बाजू वर घ्यायची की आत, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, आत. तुम्ही "बरं" म्हणालात आणि घडी उलटवलीत. त्या "बरं"मध्ये मला किती मोकळं वाटलं, हे मी तुम्हाला कधी सांगू शकले नाही. या थंडीत लेक आणि मी त्याच गोधडीत झोपतो.

दिवाळीच्या नानकटाईचं सगळ्यांना ठाऊकच आहे. तूप परातीत तळव्याने फेटायचं, लोण्यासारखं पांढरं होईपर्यंत, आणि मग पीठ नुसतं गोळा करायचं, मळायचं नाही. आपण दोन परातींतलं पीठ बेकरीत नेऊन भट्टीतून भाजून आणलं, परतताना रिक्षाभर वास पसरला होता आणि रिक्षावाल्या भाईंनी चार मागून घेतल्या.

आणि आकाशकंदील. ऑक्टोबरात तुम्ही पलंगाखालून एक गठ्ठा काढलात, त्यात गेल्या उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, कटून आलेल्या पतंगांचा कागद होता, आणि वेगळ्या बांधलेल्या कामट्या. पतंगाचा मधला सरळ ढढ्ढा आणि वरची वाकडी कमान, दोन्ही तासलेले आणि हलके, कंदिलाला अगदी हवे तसे. जानेवारीत गच्चीवर पडलेलं कुणीतरी दिवाळीसाठी जपून ठेवतं, हे पाहून मी थक्क झाले होते.

परवा वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, झालं. लेक सकाळी साडेसहाला पिशवी घेऊन गच्चीवर गेली. तुम्ही शिकवल्याप्रमाणे आधी यांच्याकडून मांजा कात्रीने कापून घेतला, तो पक्ष्यांच्या पायात जाऊ नये म्हणून गुंडाळून कचऱ्यात टाकला, मग पतंग. एकतीस मिळाले. तिने ते रंगांप्रमाणे लावून तुमच्यासाठी बांधून ठेवले आहेत, हिरवे सगळ्यात वर, मगरीचा रंग म्हणून.

भिंतींना आता रंग चालेल. दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक तुम्ही सांगितलंत तसं चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवलं होतं, सकाळी आतून एक थेंब नव्हता. स्वयंपाकघराला कुठला रंग द्यावा, हे मात्र तुम्ही येऊन सांगा.

हांडव्याचा कुकर अजून माझ्याकडे आहे. त्यातली वाळू काळी पडली होती. नवी आणून धुतली, गच्चीवर दोन दिवस उन्हात घातली आणि रव्याच्या चाळणीने चाळून भरली आहे. रविवारी घेऊन येते. तुमच्या सुईच्या उशीवर दहा सुया दोरा ओवून टोचून ठेवल्या आहेत, पाच पांढऱ्या, पाच काळ्या. संपल्या की वरून हाक मारा, मी ऐकते.

तुमची,
तळमजल्यावरची