गुण वर जातात, चुका वर्गातच राहतात: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी पुण्यात महापालिकेच्या एका शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. शाळा मार्केट यार्डापासून जवळ आहे. हमालांची, भाजी विकणाऱ्यांची, बांधकामावरच्या मजुरांची मुलं आमच्याकडे येतात. गेल्या आठवड्यात मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीच्या तुलनेत सत्राच्या शेवटच्या संकलित चाचणीत माझ्या वर्गाची गणिताची सरासरी घसरली, यावरून 'अध्यापनात उदासीनता' दिसून येते, तरी लेखी खुलासा सादर करावा, असं तीत म्हटलं आहे.

या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा प्रशिक्षणात आम्हाला शब्द दिला होता की त्या केवळ निदानासाठी आहेत, त्यांचे गुण कोणत्याही शिक्षकाविरुद्ध वापरले जाणार नाहीत. आम्ही त्यावर विश्वास ठेवला. म्हणूनच मी माझ्या वर्गाचे खरे गुण भरले. खुलासा मी दिला आहे, तो फाइलला लागेल. पण विषय तिथे संपू नये, म्हणून हे जाहीरपणे लिहिते आहे.

आधी त्या सरासरीबद्दल. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेच्या अभ्यासावर असते. संकलितमध्ये सहावीचं नवीन येतं, पूर्णांक संख्या, अपूर्णांकांवरील क्रिया. दोन वेगळे पेपर, दोन वेगळे अभ्यासक्रम. त्यांची सरासरी शेजारी शेजारी ठेवून प्रगती झाली की अधोगती, हे ठरवता येत नाही. दोन चाचण्यांची तुलना करायची तर काही प्रश्न दोन्हींत सामाईक ठेवावे लागतात आणि त्यांच्या आधारे काठिण्य जुळवावं लागतं. जगभरच्या मोठ्या चाचण्या तसंच करतात. सहावीचं मूलही सांगेल की सामान्य छेद केल्याशिवाय अपूर्णांकांची वजाबाकी होत नाही. नोटीस काढणाऱ्यांना हे सांगायला वर्गातल्या बाईंनी पत्र लिहावं लागतं, याची मला चीड येते.

आता माझ्या वर्गातली एक गोष्ट नीट बघा. प्रश्न होता, ७४२ पेढे ७ डब्यांत समान भरले तर प्रत्येक डब्यात किती? एका मुलीनं लिहिलं १६. सातला सात गेले एक, चारला भाग जात नाही, म्हणून तिनं थेट बेचाळीस घेतले आणि सहा लिहिले. मधलं शून्य खाल्लं. दुसऱ्या मुलानं लिहिलं १०५, बाकी ७. बाकी भाजकाएवढी उरली, म्हणजे आणखी एक भाग जातो, हे त्याला दिसलं नाही. तिसरीनं काहीच लिहिलं नाही. ती यंदाच आली आहे, घरी लमाणी बोलतात, 'समान भरले' म्हणजे काय करायचं ते तिला कळलं नाही. तेच गणित फळ्यावर मांडून दिलं तर तिनं १०६ काढलं.

नोंदीत तिघांपुढे शून्य. पहिलीला शतक-दशक-एकक पुन्हा कांड्या घेऊन दाखवावं लागेल. दुसऱ्याला भागाकाराचा ताळा करायची सवय लावावी लागेल. तिसरीला गणिताची गरज नाही, मराठीची आहे. हे तीन शून्य तीन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि चाचणीत कामाचं असतं ते एवढंच. पण गुणनोंदीसाठी खात्यानं फोनवर दिलेल्या चॅटबॉटवर फक्त गुण भरता येतात. ते भरायला मी रात्री फोन घेऊन बसते, नोंद अर्ध्यावर अडकते, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या घरात वयस्कर सासूबाई आहेत, त्यांच्या औषधाची वेळ या गुणनोंदीत चुकली आहे. डोळ्यांचा नंबर वाढला. मतदारयादीचं कामही माझ्याच गळ्यात आहे. आणि वर उदासीनता माझी! ज्या चाचणीसाठी मी हे सगळं सोसते, तिच्यावर मुलांशी बोलायला मला एक तास मिळत नाही. दुसऱ्या दिवशी पुढचा घटक सुरू करायचा असतो, नाहीतर अभ्यासक्रम मागे पडल्याची दुसरी नोटीस.

यावरचं संशोधन दडलेलं नाही, आपल्या खात्यातले जाणकारही ते वाचतात. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग सांगते. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, की तुझं इथे बरोबर आहे आणि इथे असं कर, आणि काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेली मुलं पुढे गेली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांनी गुण पाहिले आणि शेरा वाया गेला. आपण तर गुणांपलीकडे काही देतच नाही.

दुसरा अभ्यास आपल्या शेजारचा, तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातला. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. ग्रामीण शाळांतल्या शिक्षकांना मुलांच्या चाचणीचे तपशीलवार निदान अहवाल दिले, शाळांना भेटीही दिल्या. वर्षअखेर त्या शाळांतली मुलं इतर शाळांपेक्षा पुढे नव्हती. नुसता अहवाल हातात देऊन काही होत नाही, मंत्रिमहोदय. आम्हाला तर तोही परत मिळत नाही. आमचे गुण वर जातात, खाली येते ती नोटीस.

मग काय चालतं? तेही महाराष्ट्रात आणि शेजारच्या गुजरातमध्ये दिसलं आहे. मुंबई महापालिकेच्या आणि बडोद्याच्या शाळांत 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच तरुण मुली, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायच्या आणि त्यांना जिथून येत नाही तिथून शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ते मोजलं, २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. मुलं खरोखर पुढे गेली. आधी चाचणी, मग त्याच चाचणीवरून गट, मग शिकवणं. आपल्याकडे चाचणी, मग चाचणी, मग चाचणी.

याच दोघांचा सहकाऱ्यांसह केलेला नवा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात विक्रीला बसणारी १,४३६ मुलं त्यांनी पाहिली. गिऱ्हाइकाचा हिशेब ती तोंडी बरोबर करतात, पण तशीच आकडेमोड शाळेतल्या पद्धतीनं मांडली की अडतात. शाळेत जाणाऱ्या, पण बाजारात न बसणाऱ्या मुलांचं नेमकं उलट. हे वाचून मी माझ्या वर्गातल्या एका मुलाला विचारलं, अठराला एक अशा मेथीच्या तीन जुड्या दिल्या, गिऱ्हाइकानं शंभराची नोट दिली, परत किती? माझं वाक्य संपायच्या आत तो म्हणाला, "सेहेचाळीस." चाचणीत त्याला वजाबाकीला शून्य होतं. तो मठ्ठ नाही आणि मी उदासीन नाही. त्याच्या डोक्यातला हिशेब कागदावर कसा आणायचा, हे त्याच्याशेजारी बसून दाखवायला मला वेळ हवा आहे.

आता जे कोणी बोलत नाही ते बोलते. इतर वर्गांची सरासरी कशी वाढते, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. उत्तरं फळ्यावर येतात. मी कुणाचं नाव घेणार नाही, कारण नोटिशीच्या भीतीनं माणसं हे करतात. अमेरिकेत अटलांटामध्ये हेच घडलं. गुणांवर नोकऱ्या आणि बक्षिसं टांगली, तेव्हा २०११ च्या चौकशीत ४४ शाळांत फेरफार सापडला, १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावं आली, २०१५ मध्ये ११ जण न्यायालयात दोषी ठरले. खोटे गुण भरणाऱ्या वर्गाकडे कुणी फिरकत नाही आणि खरे भरणाऱ्याला कारणे दाखवा. याचा शेवट कुठे होतो ते तिथे दिसलं आहे.

आणि गुण कमी आले की सरकार स्वतः काय करतं? पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या २००९ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ७४ सहभागींच्या यादीत तळाशी गेले, त्यानंतर देशानं त्या चाचणीतूनच अंग काढून घेतलं. २०२४ मध्ये आपल्या राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात सूचना आली की दहावीला गणित-विज्ञानात ३५ च्या खाली पण २० च्या वर गुण असले तरी शेरा मारून पुढे जाऊ द्यावं. वर बसलेल्यांना चाचणी सोडता येते, उत्तीर्णतेची रेघ खाली आणता येते. आम्ही मात्र वर्गातल्या सरासरीसाठी हात जोडून उभं राहायचं.

मुलांचं नुकसान लहान नाही. डिसेंबर २०२४ च्या केंद्राच्या परख सर्वेक्षणात देशभरात सहावीच्या फक्त ५३ टक्के मुलांना दहापर्यंतचे पाढे आले. त्याच वर्षीच्या 'असर' या 'प्रथम'च्या घरोघरच्या सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. 'असर'चे कार्यकर्ते घरी जाऊन एकेका मुलाजवळ बसतात, म्हणून त्यांना कळतं कोण कुठे अडलंय. जागतिक बँकेच्या ५० कोटी डॉलर कर्जाच्या, शालेय शिक्षण सुधारण्यासाठीच्या स्टार्स प्रकल्पात सहा राज्यं होती, त्यांतलं एक आपलं. या चाचण्या त्यातूनच आल्या. एवढ्या पैशात आम्हाला एकेका मुलाजवळ बसायला चार दिवस का मिळू शकत नाहीत?

माझी नोटीस मागे घ्या, हे मी मागत नाहीये. पुढच्या संकलित चाचणीच्या परिपत्रकात दोन गोष्टी घाला. उत्तरपत्रिका तपासल्यानंतरचे चार शालेय दिवस गणिताच्या तासांना नवीन घटक घेऊ नये, त्या दिवसांत मुलांच्या चुकांवर गट करून काम करावं. आणि या चाचणीचे गुण कोणत्याही शिक्षकाच्या किंवा शाळेच्या कारवाईसाठी आधार म्हणून वापरू नयेत. दुसरं वाक्य आम्हाला तोंडी मिळून झालं आहे. या वेळी ते लेखी, शासन निर्णयाच्या क्रमांकासह हवं.

आपली,
एक गणित शिक्षिका, पुणे